लग्नातली फसवणूक: स्वभाव की परिस्थिती? (ॲना, स्टिवा, एमा आणि आपली सिंधू)

तळ्यात_मळ्यात

लोकहो, एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढतेय. आमच्या वाचनकट्ट्यावर गेले काही महिने टॉलस्टॉयचं ॲना कॅरेनिना चालू होतं (हो तेच, जाडजूड) आणि शेवटच्या बैठकीत अशी काही जुंपली की विचारू नका. मुद्दा असा की पुस्तक सुरूच होतं ते ॲनाच्या भावाच्या, स्टिवाच्या लफड्याने, मुलांना शिकवायला ठेवलेल्या फ्रेंच बाईबरोबर, चिठ्ठी बायकोच्या हातात पडते, ती ती नाचवत जाब विचारते आणि हा पठ्ठ्या काय करतो तर नेहमीचं गोड हसतो! म्हणजे मुद्दाम नाही, सवयीने हसू येतं त्याला. मग ॲना पीटर्सबर्गहून मॉस्कोला येते, डॉलीची म्हणजे वहिनीची समजूत काढते, भावाचा संसार सावरते आणि त्याच फेरीत स्टेशनावर व्रॉन्स्की हा तरुण ऑफिसर भेटतो, तिथून तिच्या स्वतःच्या संसाराची वाट लागायला सुरुवात.

एकाच घरातली दोन भावंडं, दोघंही दिसायला छान, माणसांना हवीहवीशी वाटणारी, दोघांनीही लग्नाबाहेर पाय टाकला. एक पुस्तकभर मजेत जेवत, पार्ट्या करत हिंडतो आणि दुसरी रेल्वेखाली.

कट्ट्यावर बहुमत असं की तो पुरुष म्हणून सुटला, विषय संपला. मला ते पूर्ण पटत नाही पण नीट मांडताही येत नाही. निष्ठा हा माणसाच्या स्वभावात असतो का काही गुण, की संधी मिळाली नाही तोवर सगळेच निष्ठावान? पुस्तकांतली, नाटकांतली उदाहरणं द्या प्लीज, शेजारच्यांची नकोत 😄

उंटावरचा_शहाणा

तळ्यातताई, विषय आवडीचा काढलात, आता ऐका.

सगळ्यात आधी ते बेकरीचं बोलणं आठवा. पहिल्या भागात स्टिवा आणि त्याचा मित्र लेव्हिन हॉटेलात जेवायला बसलेत, स्टिवा ऑयस्टर मागवतोय, लेव्हिनला आपलं साधं कोबीचं सूप बरं वाटतंय. तिथे लेव्हिन म्हणतो की लग्न झालेल्या माणसाने असं करणं मला समजतच नाही, पोटभर जेवून उठलेला माणूस वाटेतल्या बेकरीतून पाव कशाला चोरेल? आणि स्टिवाचं उत्तर काय, तर का नाही, कधीकधी पावाचा वास इतका छान सुटलेला असतो की राहवत नाही. हा माणूस इथेच कळतो. त्याला बायकोचा राग नाही, घरात त्रास नाही, काही कमी नाही. वास आला, घेतला.

पण माझ्या मते खरी किल्ली ॲनाच्या एका वाक्यात आहे जे वाचताना सहज निसटतं. डॉलीला समजावताना ती म्हणते की स्टिवासारखे पुरुष त्या बायका आणि आपलं घर यांच्यामध्ये एक रेघ मारून ठेवतात, ती ओलांडू देत नाहीत, आणि पुढे म्हणते की मला स्वतःला हे समजत नाही, पण असं असतं खरं. मला समजत नाही! तिला खरंच समजत नाही. सगळी कादंबरी म्हणजे ही रेघ जिला मारता येत नाही अशा बाईची गोष्ट आहे.

आता ‘पुरुष म्हणून सुटला’ याबद्दल. मग बेट्सीचं काय? प्रिन्सेस बेट्सी त्वेर्स्काया ही बाई, लग्न झालेली, तिचंही प्रकरण चालू, सगळ्या पीटर्सबर्गला माहीत आणि सगळे तिच्याकडे मिटक्या मारत जेवायला जातात. ती ॲनाला सल्लाही देते, की एकाच गोष्टीकडे रडत बघता येतं तसं सहज, हसतही बघता येतं, तुझा कल जरा जास्तच गंभीर होण्याकडे आहे. व्रॉन्स्कीच्या आईलासुद्धा सुरुवातीला हे प्रकरण आवडलेलं असतं, तरण्याताठ्या ऑफिसरला मोठ्या घरच्या बाईबरोबर एखादं प्रकरण म्हणजे शोभाच असं तिचं मत. मामला खराखुरा आहे, पोराने करिअरवर पाणी सोडलंय, हे कळल्यावर मग ती बिथरते. म्हणजे त्या समाजाला लफड्याचं वावडं नाहीच, त्याला प्रेमाचं वावडं आहे.

आणि ॲनाला खोटं पचत नाही. बोलते खोटं, नाही असं नाही, सुरुवातीला तर इतक्या सहज बोलते की तिचं तिलाच नवल वाटतं. पण पचत नाही. घोड्यांच्या शर्यतीत व्रॉन्स्की पडतो, घोडीचा कणा मोडतो आणि ॲना सगळ्यांसमोर रडते. परत येताना गाडीत नवरा अगदी सभ्यपणे म्हणतो की तुझं वागणं बरं दिसलं नाही, कदाचित माझा गैरसमज असेल. अहो त्याने दार उघडून दिलंय तिला! ‘हो गैरसमज’ एवढं म्हटलं असतं तर पुढची पाचशे पानं वाचली असती. ती काय म्हणते, गैरसमज नाही, मी त्याची आहे, तुम्ही बोलताय आणि मी त्याचा विचार करतेय, मला तुमची भीती वाटते, तुमचा तिरस्कार वाटतो. बेट्सी मेली तरी असं बोलली नसती.

म्हणून माझं म्हणणं असं की कोण पाय घसरून पडतो हे स्वभावावर फारसं नसतं, संधी, वय, कंटाळा, काहीही पुरतं. पडल्यावर पुढे काय होतं ते मात्र स्वभावावर. ॲनाला जे मारतं तो तिचा दुर्गुण नाही, तो तिचा चांगला गुण आहे. आणि स्टिवाला जे वाचवतं ते त्याचं विसरभोळं, आनंदी मन, ज्याच्यामुळे तो सगळ्यांना आवडतो. मला पण आवडतो हो, काय करणार.

जाता जाता, व्रॉन्स्कीची नियमावली वाचली का सगळ्यांनी? जुगारातल्या लबाडाचे पैसे चुकते करायचे, शिंप्याचे नाही केले तरी चालेल. पुरुषांशी खोटं बोलायचं नाही, बायकांशी चालेल. कुणालाही फसवायचं नाही, नवऱ्याला चालेल. एका परिच्छेदात अख्खी रेजिमेंट.

फणसगरा

शहाणे, लिहिलंय छान पण स्वभाव स्वभाव करत तुम्ही कायदा गिळून टाकलात.

ॲना खरं बोलली म्हणून मेली असं नाही, खरं बोलल्यावर तिच्याकडे जायला जागा नव्हती म्हणून. तेव्हाच्या रशियात घटस्फोट चर्चच्या हातात, दोषी ठरेल त्याला पुन्हा लग्न करता येत नाही, पोरगा जातो नवऱ्याकडे. कॅरेनिन, म्हणजे ॲनाचा नवरा, वकिलाकडे जातो तो सीन आठवा, हा आपल्या आयुष्याची लक्तरं समोर मांडतोय आणि वकील बसल्या बसल्या टेबलावरून उडणारी कसर हातात पकडतोय. आणि ॲनाला व्रॉन्स्कीपासून मुलगी होते, ती कायद्याने कुणाची? कॅरेनिनची. व्रॉन्स्की स्वतः डॉलीला हे सांगतो, पुढे जी मुलं होतील तीही कॅरेनिनच. मुलाच्या वाढदिवसाला ॲना चोरून त्याला बघायला जाते, आदल्या दिवशी मोठ्या हौसेने खेळणी घेतलेली असतात, ती द्यायलाही वेळ मिळत नाही, तशीच परत घेऊन येते. हा स्वभाव का?

आणि स्टिवाचं मन आनंदी कारण त्याचा खिसा बायको भरतेय. ते जंगल विकतो ना तो, रियाबिनिन नावाच्या व्यापाऱ्याला, ३८,००० रूबलला, तेही हप्त्याने, लेव्हिन बोंबलतोय की फुकटात घालवलंस. ते जंगल कुणाचं? डॉलीचं, माहेरचं. बायकोच्या इस्टेटीवर उडवलेल्या पैशातून नर्तकीला भेटवस्तू. उद्या ॲनाच्या नावावर जंगल असतं, पोरगा कायद्याने तिच्याकडे राहिला असता, तर बघितलं असतं तिचा खरं बोलायचा स्वभाव तिला कसा मारतो ते.

तळ्यात_मळ्यात

फणसगरा, जंगल बायकोचं होतं हे माझ्या डोक्यातून सुटलंच होतं, थॅंक्यू. पण मग फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’तली एमा? तिचं तर सगळं स्वभावावरच ढकलतात लोक, की कादंबऱ्या वाचून डोकं फिरलं. तिच्याबद्दल कुणी लिहा ना.

दुपारचा_चहा

एमाबद्दल मी लिहिते, कारण तिच्यावर फार अन्याय होतो असं माझं ठाम मत आहे.

कादंबऱ्या वाचून बिघडली हे म्हणणं फ्लोबेरच्या काळापासून चालू आहे. पुस्तक १८५६ मध्ये नियतकालिकातून आलं आणि १८५७ मध्ये त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, सुटला म्हणा. आपल्याकडेही बायका शिकल्या की कादंबऱ्या वाचून वाया जातील ही ओरड होतीच की. पण वाचन करणाऱ्या सगळ्याच बिघडत नाहीत. ॲना पण ट्रेनमध्ये इंग्रजी कादंबरी वाचत असते आणि तिलाही वाटतं की हे नुसतं वाचण्यापेक्षा जगावं. तेवढं वाटणं कुणाला चुकलंय?

एमाच्या बाबतीत लोक एक गोष्ट विसरतात, की ती आधी प्रयत्न करते. लेऑं नावाच्या तरुणाबद्दल मनात यायला लागतं तेव्हा ती घाबरून चर्चमध्ये पाद्रीबाबाकडे जाते. तो बिचारा धडे घोकणाऱ्या पोरांच्या मागे. ती म्हणते मला त्रास होतोय, त्याला वाटतं पोट बिघडलंय, घरी जाऊन चहा घ्या म्हणतो. (माझ्या आयडीचा याच्याशी संबंध नाही 😅) नंतर रोदॉल्फशी प्रकरण चालू असतानासुद्धा एक वेळ अशी येते की तिला नवऱ्याबद्दल अभिमान वाटावा असं फार फार वाटतं. म्हणून ती शार्लला हॉटेलातल्या नोकराच्या वाकड्या पायाचं ऑपरेशन करायला भरीला घालते. जमलं असतं तर नवरा मोठा झाला असता, त्याच्यावर प्रेम करता आलं असतं. पाय सडतो, दुसऱ्या डॉक्टरला बोलावून मांडीपासून कापावा लागतो, त्या नोकराची किंकाळी गावभर ऐकू जाते आणि हे दोघं घरात समोरासमोर बसलेत. त्याच संध्याकाळी ती रोदॉल्फला अशी मिठी मारते की बस. मला तर वाटतं ती नवऱ्यापासून लांब गेली ती पहिल्या भेटीत नाही, इथे.

शार्लचा स्वभाव बघा आता. त्याच्याइतका एकनिष्ठ नवरा साहित्यात शोधून सापडणार नाही. पण त्याची निष्ठा कशी आहे माहितीये, खाऊन झाल्यावर समाधानाने डुलकी घेणारी. समोरची बाई तडफडतेय हे त्याच्या गावीच नाही. निष्ठा आहे, लक्ष नाही. आपण निष्ठेला इतका मोठा गुण मानतो की लक्ष असणं हा वेगळा गुण आहे हे विसरूनच जातो.

रोदॉल्फचं तर काय बोलावं. पळून जायचं ठरवून ऐनवेळी पत्र लिहितो, ते जर्दाळूच्या टोपलीत तळाशी घालून पाठवतो आणि पत्र कोरडंठाक दिसतंय म्हणून पेल्यात बोट बुडवून कागदावर पाण्याचा थेंब टाकतो, अश्रू म्हणून! आणि एमा मेल्यावर शार्लला सगळी पत्रं सापडतात, दोघांची गाठ पडते तेव्हा शार्ल म्हणतो की तुमच्यावर राग नाही, नशिबाचा दोष. रोदॉल्फला ते ऐकून हा माणूस जरा हास्यास्पदच वाटतो.

आणि फणसगरा, तुमच्या मुद्द्याला जोड देते, एमा प्रेमभंगाने मरत नाहीच मुळी. ती कर्जाने मरते. कापडवाल्या ल्युरोच्या हुंड्या, ८,००० फ्रॅंकची मागणी, घरावर जप्ती, आणि ज्याच्या दारात जावं तिथे नकार. रोदॉल्फपुढे हात पसरते तोही नाही म्हणतो. मग औषधवाल्याकडचं आर्सेनिक.

नाट्यवेडा

सगळे रशिया फ्रान्स फिरताय, जरा घरी या.

एकच प्याला घ्या. १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर रंगमंचावर आलं, बालगंधर्वांची सिंधू. आता सिंधूला आपण पतिव्रता पतिव्रता म्हणून देव्हाऱ्यात बसवून टाकली, त्यामुळे तिच्या स्वभावाकडे कुणी बघतच नाही. तिचा नवरा सुधाकर वकील, मानी, तापट, कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि तळीराम पहिला प्याला हातात देतो. सिंधू श्रीमंताघरची लेक, पण माहेरचा पैसा घेत नाही, लोकांचं दळण दळते. लोक म्हणतात काय हा त्याग. मला तिथे त्यागापेक्षा ताठा जास्त दिसतो. नवऱ्याइतकीच मानी आहे ती! फक्त त्याचा मान बाटलीत गेला, हिचा जात्यात.

शहाणेंच्या खोट्याच्या मुद्द्यावर तर हे फारच भारी आहे. शेवटी सुधाकर दारूच्या नशेत हिला मारतो, लेकरू जातं, ही मरायला टेकलीय, पोलीस येतात आणि ही बाई काय सांगते, की मीच पडले. ॲना बेइमान पण तिला खोटं पचत नाही, सिंधू पतिव्रता आणि शेवटच्या श्वासाला नवऱ्यासाठी धडधडीत खोटं बोलते. आपल्याकडे त्या खोट्यावर प्रेक्षक रडले. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, नवऱ्याला तोंडावर फाडफाड सुनावते, तिच्यावर हसले. निष्ठा तिचीही काही कमी नाही, पण जीभ तिखट असली की बाईला पतिव्रतेचं सर्टिफिकेट देत नाहीत.

दुसरं सखाराम बाईंडर, १९७२. इथे तर लग्नच नाही. नवऱ्यांनी टाकलेल्या, नवऱ्यांना सोडलेल्या बायका घरी आणतो, अटी आधी सांगतो, पटलं तर राहा नाहीतर साडीचोळी घेऊन चालती हो, मी खोटं बोलत नाही म्हणून वर मिजास. लग्नसंस्थेला शिव्या घालणारा हा माणूस, घरी आणलेली चंपा त्याच्याच मित्राकडे, दाऊदकडे जाते कळल्यावर काय करतो? गळा दाबतो. करारात निष्ठेचं कलमच नव्हतं ना राव! आणि त्याला सांगतं कोण, तर चंपाच्या आधी आणलेली लक्ष्मी, देवभोळी, मुंगळ्याशी गप्पा मारणारी, सखारामला मनोमन नवरा मानणारी. खून झाल्यावर हादरून बसलेल्या सखारामला धीर देऊन खड्डा खणायला घेते तीच. तेंडुलकरांनी निष्ठावंत बाईच्या हातात कुदळ दिली म्हणून लोक चवताळले असावेत, नुसत्या शिव्यांसाठी नाही, असं आपलं माझं मत.

ययातीवर पण लिहायचं होतं पण जेवायला बोलावतायत. थोडक्यात, देवयानीने सूड म्हणून शर्मिष्ठेला दासी करून स्वतःच्या सासरी आणली. सवत तिने स्वतःच्या अहंकाराने वरातीबरोबर आणलीय, ययातीला घराबाहेर पडायचीसुद्धा गरज पडली नाही.

रिकामटेकडा

शेवटचं वाक्य 😂😂 जेवा सावकाश.

मला एकच शंका, सगळ्या गोष्टींत भानगड करणारी बाई मरतेच. ॲना मेली, एमा मेली, चंपा मेली. लिहिणारे सगळे पुरुष. हा स्वभाव कुणाचा म्हणायचा?

उंटावरचा_शहाणा

रिकामटेकडा, मुद्दा बिनतोड आहे आणि त्यात एफी ब्रीस्ट पण घाला, जर्मन, फोंटानेची, १८९५. सतरा वर्षांची पोर, अडतीस वर्षांच्या सरकारी अधिकाऱ्याला दिलेली, जो पूर्वी तिच्या आईला मागणी घालत होता (!). तीही शेवटी जातेच.

पण त्यात नवऱ्याचा स्वभाव बघण्यासारखा आहे. प्रकरण संपून सहा वर्षं उलटलीत, संसार छान चाललाय आणि एक दिवस जुनी पत्रं सापडतात. इन्स्टेटन मित्राला बोलावतो आणि म्हणतो की मला बायकोबद्दल द्वेष वाटत नाहीये, सूडही नको, माझं तिच्यावर अजून प्रेम आहे. मग सोडून दे ना बाबा! तर म्हणतो आता नाही जमणार, कारण मी तुला बोलावलं, तुला कळलं, आता हे दोघांना माहीत आहे. द्वंद्व होतं, तो दुसरा माणूस मरतो, एफी घराबाहेर, मुलगी बापाकडे. फक्त एका साक्षीदारापायी. हा माणूस स्वतःहून बेइमान झाला नाही कधी, तत्त्वाचा पक्का, आणि त्याच्या तत्त्वापायी तीन आयुष्यं संपली. फणसगरा, इथे कायद्याने त्याच्यावर कसलीही सक्ती केली नव्हती बरं का.

फणसगरा

कायद्याने नाही, ऑफिसने. प्रमोशन अडलं असतं त्याचं.

दुपारचा_चहा

सगळे जाणाऱ्यांबद्दलच बोलतायत, राहणाऱ्या डॉलीबद्दल कुणीच नाही, म्हणून परत आले.

ॲना गावाकडे व्रॉन्स्कीबरोबर राहत असते तेव्हा डॉली तिला भेटायला निघते, घरच्या व्यापात मिळालेले ते एकटीचे चार तास, बग्गीत. पंधरा वर्षांच्या संसाराचा हिशोब मांडते, बाळंतपणं, पाजणं, आजारपणं, गेलेली मुलं, आणि मग चक्क मनातल्या मनात स्वतःचंही एक प्रकरण रंगवते! कुणी खरा माणूस नाही, असाच कुणीतरी. आणि स्टिवाला कळल्यावर त्याचा चेहरा कसा होईल या कल्पनेने तिला हसू येतं. म्हणजे एकनिष्ठ डॉलीच्याही मनात ते आहेच, शहाणे, तुमची रेघ तिने बग्गीतच ओलांडली.

तिथे पोचल्यावर ॲनाच्या नटव्या मोलकरणीसमोर तिला आपल्या ठिगळ लावलेल्या ब्लाउजची लाज वाटते. घरी त्याच ठिगळांचा अभिमान होता. सहा ब्लाउज शिवायचे तर चोवीस आर्शिन (तिकडचं लांबीचं माप) कापड, पासष्ट कोपेक दराने पंधरा रूबलच्या वर, शिलाई वेगळी, आणि ते पंधरा रूबल तिने वाचवले होते. नवरा तिचं जंगल ३८,००० ला फुंकतोय आणि ही पंधरा रूबल वाचवतेय. दुसऱ्या दिवशी ती परत घरी जाते, मुलांना कवटाळते आणि ॲनाबद्दल कुणाला वाकडा शब्द बोलू देत नाही.

तिची निष्ठा गुण म्हणून आहे की वेळच मिळाला नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. पण ॲनाला समजून घेणारी अख्ख्या पुस्तकात ती जवळपास एकटीच.

रिकामटेकडा

आणि स्टिवाचं शेवटी काय होतं? मी मध्येच सोडलं होतं पुस्तक, लेव्हिनच्या गवतकापणीला.

उंटावरचा_शहाणा

गवतकापणी सोडलीत? असो.

स्टिवा शेवटच्या भागात स्टेशनावर भेटतो. व्रॉन्स्की सर्बियाच्या लढाईला चाललाय. काही आठवड्यांपूर्वी बहिणीच्या प्रेतावर हा ओक्साबोक्शी रडलेला, ते पार विसरलाय, व्रॉन्स्की दिसल्यावर त्याला फक्त जुना दोस्त आणि वीर दिसतो. स्वयंसेवकांच्या डब्यात पाच रूबल टाकतो, लेव्हिनच्या सावत्र भावाला आनंदाने सांगतो की मला कमिटीवर घेतलं. ज्या पदासाठी तो कधीपासून खेटे घालत होता ते. कसली कमिटी, तर रेल्वे आणि बँकांची.

तळ्यात_मळ्यात

अरे देवा. हे कट्ट्यावर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, रेल्वेचं. उद्याच ग्रुपवर टाकते, परत जुंपणार.